लहान मुले आणि न संपणारा पडदा

"आमचा बाळ मोबाइल समोर धरल्याशिवाय घासच घेत नाही हो!" ही तक्रार आजकाल इतक्या घरांतून ऐकू येते की तिचे कुणाला नवल वाटेनासे झाले आहे. तक्रार करणाऱ्या आईच्या सुरात काळजी असते, आणि खरे सांगायचे तर थोडे कौतुकही असते. दोन वर्षांचे पोर बोटाने चित्र सरकवते, हवे ते गाणे बरोबर शोधून काढते, याचा अचंबा कुणाला वाटणार नाही? पण त्या काळजीच्या आणि कौतुकाच्या खाली तिचा थकवाही असतो. सकाळचे डबे, नोकरी किंवा शेतातले काम, संध्याकाळचा स्वयंपाक, यांतून मुलाला भरवायला पाऊण तास काढायचा कुठून? मोबाइल समोर धरला की दहा मिनिटांत वाटी रिकामी होते. तेव्हा मोबाइल मुलाच्या हट्टामुळे घरात शिरला असे म्हणणे फारसे खरे नाही. तो मोठ्यांच्या सोयीसाठी आला आणि मागाहून मुलाची सवय झाला. हे आरंभीच कबूल केलेले बरे, कारण पुढचा उपायही मोठ्यांच्याच हाती आहे.

येथे आपण जन्मापासून साधारण सहाव्या वर्षापर्यंतच्या मुलांचाच विचार करू. शाळकरी मुलांचा, आणि अभ्यासाच्या निमित्ताने त्यांच्या हाती येणाऱ्या मोबाइलचा, प्रश्न निराळा आहे. तो यात मिसळला तर दोहोंचाही गोंधळ व्हायचा.

घरात पडदा येण्याची गोष्ट तशी नवी नव्हे. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढे कितीतरी वर्षे, आळीतल्या ज्या घरी टीव्ही असेल त्या घरी संध्याकाळी सारे शेजारपाजार गोळा होई. लहान मुले अगदी पुढे मांडी घालून बसत. पण त्या पडद्याच्या अंगी एक मोठा गुण होता, आणि तेव्हा तो कुणाच्या ध्यानात आला नाही. तो पडदा संपत असे. मुलांचा कार्यक्रम ठरल्या वारी, ठरल्या वेळी लागे. तो झाला की बातम्या, भाषणे असे काहीतरी मोठ्यांचे सुरू होई आणि मुले कंटाळून आपोआप अंगणात पळत. 'आता पुरे' हे सांगायची पाळी आईवर येत नसे. १९९० नंतर केबल आली, दिवसभर कार्टून दाखवणाऱ्या वाहिन्या आल्या. आणि २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले तशी ही चालती-बोलती चित्रे थेट मुलाच्या तळहातावर आली. आता एक व्हिडिओ संपला की दुसरा आपला आपण सुरू होतो. तोटी नसलेल्या नळासारखे हे काम आहे. भांडे भरले तरी धार थांबत नाही.

मोठ्या माणसाचेच पाहा ना! "एवढा एकच बघतो" म्हणता म्हणता रात्रीचे बारा वाजतात. मनाला आवर घालण्याचे काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो, तो पुरता घडायला माणसाची विशी उलटावी लागते. मग तीन वर्षांच्या मुलाने पडदा आपणहून बंद करावा, ही अपेक्षा कोणत्या हिशेबाने धरायची? ज्याला शेवट नाही अशा वस्तूला शेवट कुणीतरी द्यावा लागतो. पूर्वी तो केंद्र देत असे. आता तो घराने द्यायचा आहे.

तो कितीवर द्यावा, याविषयी डॉक्टरमंडळींचे बऱ्यापैकी एकमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही मर्यादा सुचवल्या. दोन वर्षे पुरी होईपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी फार तर एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, हिचेही सांगणे जवळजवळ हेच आहे. आणि तो एक तासही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली असावा, असे ती म्हणते. आरोग्य संघटनेच्या त्याच पत्रकात आणखी दोन आकडे आहेत, ते मात्र आपल्याकडे कुणी फारसे सांगत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, आणि निदान ३ तास अंगाला हालचाल हवी. आता हिशेब करा. झोपेचे बारा तास गेले, उरले बारा. त्यांत तीन तास धावणे-खेळणे; मग आंघोळ, खाणेपिणे, अंगणवाडी किंवा बालवाडी. अशा दिवसात तीन तास मोबाइल घुसला, तर ते तीन तास तो कुणाचे घेतो? झोपेचे, खेळाचे किंवा बोलण्याचे. पडद्यावर काय दिसते यावर पुष्कळ चर्चा होते. पडद्यामुळे काय हुकते यावर त्याच्या निम्मीही होत नाही.

या हुकणाऱ्या गोष्टींत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे भाषा. "अहो, पण मोबाइलवरून तर मुले कितीतरी शिकतात, आमची छकुली एक ते दहा आकडे इंग्रजीत म्हणते!" असे कुणी म्हणेल. म्हणते खरी, पण दहा आकडे पाठ म्हणणे निराळे आणि बोलायला शिकणे निराळे. अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळे त्यांनी घेतली. काही बाळांशी एक चिनी भाषिक माणूस समोर बसून चिनी भाषेत बोलला, खेळणी दाखवली, पुस्तके वाचून दाखवली. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसे, तीच पुस्तके, तीच भाषा टीव्हीवर दाखवली, आणि तिसऱ्या गटाला नुसता आवाज ऐकवला. मग पाहिले की, चिनी भाषेतले ध्वनी कुणाला ओळखता येतात? ज्यांच्यासमोर जिवंत माणूस बसला होता त्या बाळांना ते येत होते. जन्मापासून ती भाषा ऐकणाऱ्या बाळांइतकेच बरोबर येत होते. टीव्हीवाल्या आणि नुसता आवाज ऐकणाऱ्या बाळांना त्यातले काहीच आले नव्हते. शब्द तेच, वेळ तितकाच. फरक होता तो समोरच्या माणसाचा.

याचे कारण समजायला प्रयोगशाळेत जायची जरुरी नाही. आपल्याच खिडकीत उभे राहावे. कडेवरचे मूल कावळ्याकडे बोट दाखवते. आई त्या बोटाच्या रोखाने पाहते आणि म्हणते, "हो रे, काऊ! कुठं बसलाय काऊ? तारेवर!" मूल म्हणते, "काऊ." आई हसते, मूल पुन्हा म्हणते. हा चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे जातो, तेव्हा भाषा अंगी मुरते. मुलाने ज्या क्षणी पाहिले त्याच क्षणी त्याच्याच वस्तूचे नाव त्याला मिळाले, ही त्यातली किमया. पडद्यावरची ताई काय करते? "हा कोणता रंग आहे, सांगा पाहू?" असे विचारून दोन क्षण थांबते आणि म्हणते, "शाब्बास!" मूल काही बोलले असो, नसो, किंवा खिडकीबाहेर बघत असो, तिची शाब्बासकी ठरलेलीच. मूल कितीही लहान असले तरी हा फसवा चेंडू ते ओळखते. ते पाहत राहते, पण उत्तर देणे सोडून देते.

आणि म्हणूनच, दूर राहणाऱ्या आजीशी मोबाइलवर समोरासमोर बोलणे या बंदीत धरू नये. दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर अमेरिकेतच झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले की, ध्वनिचित्रित बाईकडून मुले नवी क्रियापदे शिकली नाहीत. पण पडद्यावरूनच का होईना, समोरासमोर प्रत्यक्ष बोलणाऱ्या बाईकडून ती शिकली. पडदा तोच, पण त्यातले माणूस मुलाला पाहत होते, ऐकत होते, उत्तर देत होते. तेव्हा मुलगा-सून अमेरिकेत आणि आजी सांगलीत असेल, किंवा बाप नोकरीसाठी दुबईला असेल, तर त्या घरात आठवड्यातून चार वेळा मोबाइल जरूर लावावा. फक्त मुलाच्या बाजूला घरातले कुणीतरी बसावे. म्हणजे आजीने "तुझी बाहुली दाखव" म्हटल्यावर बाहुली आणायला आणि पुढे धरायला मदत होते.

आता आणखी एक गोष्ट, ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मूल टीव्ही पाहत नसले, कोपऱ्यात आपले खेळत असले, तरी चालू टीव्ही त्याच्या खेळात हात घालतोच. अमेरिकेतील संशोधकांनी एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळण्यांसह तासभर एका खोलीत ठेवले; अर्धा तास बाजूला मोठ्यांचा कार्यक्रम चालू, अर्धा तास बंद. २००८ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग सांगतो की, मुलांनी टीव्हीकडे क्षणभरच नजरा टाकल्या, पण तो चालू असताना त्यांचा खेळ तुटक झाला. एका खेळण्यावर मन लागेना. पुढच्याच वर्षीच्या एका पाहणीत मुलांच्या अंगावर लहानसे ध्वनिमुद्रक अडकवून घरातले दिवसभराचे बोलणे मोजले. टीव्हीचा आवाज असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० नी कमी भरले. टीव्ही बोलायला लागला की आपण गप्प होतो, इतके साधे हे आहे. संध्याकाळी मालिका 'नुसती लागलेली' असते, तेव्हा ती फुकट लागलेली नसते.

मोठ्यांच्या हातातल्या मोबाइलविषयीही थोडे बोलले पाहिजे, जरी ते ऐकायला कुणाला आवडत नाही. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक साधी चाचणी केली. आई बाळाशी हसतखेळत बोलते. मग एकाएकी दोन मिनिटे ती चेहरा निर्विकार ठेवते, नुसती बघत राहते. बाळ आधी हसून पाहते, मग हुंकार देते, हात पुढे करते. काही केल्या आईचा चेहरा हलत नाही म्हटल्यावर तोंड फिरवते आणि रडू लागते. त्या काळी मोबाइल नव्हता, आणि आई वाईटही नव्हती. पण मोबाइलमध्ये डोके घातलेल्या आपल्या चेहऱ्याकडे मुलाच्या उंचीवरून एकदा पाहा. तो चेहरा त्या चाचणीतल्या आईच्या चेहऱ्याहून फार निराळा दिसत नाही. आपण हातातला मोबाइल खाली न ठेवता मुलाला "सारखा काय मोबाइल मागतोस?" असे रागावतो, तेव्हा मुलाला शब्द कळत नसले तरी विसंगती कळते.

जेवणाचे आधी सांगितलेच आहे. मोबाइल पाहत जेवणारे मूल खरोखर जेवत नसते, त्याला भरवले जात असते. घास कसा लागला, पोट भरले का, याकडे त्याचे लक्षच नसते. 'पुरे' हा पोटाचा निरोप पोहोचायला मन जाग्यावर लागते. म्हणून काही मुले गरजेपेक्षा जास्त खातात, आणि काही मुले मोबाइल काढला की खायचेच विसरतात. दीड वर्षाचे मूल मऊ वरणभातात बोटे घालते, थोडा सांडते, थोडा खाते, दोन घासांनंतर तोंड फिरवते. हे सगळे जेवायला शिकणेच आहे. एका वेळी कमी खाल्ले तर दुसऱ्या वेळी ते भरून काढते. निरोगी मूल एका जेवणाने उपाशी राहत नाही. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि थोडा पसारा सोसावा, हा या बाबतीतला स्वस्तातला उपाय. वजन वाढत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. मोबाइल हे त्यावरचे औषध नव्हे.

झोपेपूर्वीचा एक तासही पडद्याविना असावा. अंधार पडला की शरीरात झोप आणणारे द्रव्य पाझरू लागते आणि डोळ्यांत जाणारा प्रखर उजेड ते अडवतो. लहान मुलांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यांतली भिंगे नितळ, म्हणून त्यांच्या डोळ्यांत हा उजेड मोठ्यांपेक्षा जास्त शिरतो. डोळ्यांच्या नंबराचाही याच्याशी संबंध आहे. डोळ्याचा गोल वाजवीपेक्षा लांबट वाढला की दूरचे धूसर दिसू लागते. सतत जवळचे पाहणे याला खतपाणी घालते, आणि बाहेरचा सूर्यप्रकाश याला आळा घालतो, असे दिसून आले आहे. तैवानने २०१० साली शाळांतून मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर उघड्यावर काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि वर्षानुवर्षे चढत गेलेले अधू दृष्टीचे प्रमाण त्यानंतर उतरू लागले. आपल्याकडे उन्हाची काय कमतरता! सकाळी आणि उन्हे उतरल्यावर मूल खाली अंगणात, गच्चीवर, मैदानात असावे.

येथे एका गैरसमजाविषयी सांगणे अगत्याचे आहे, कारण त्यात मुलाचे मोठे नुकसान होऊ शकते. 'मोबाइलमुळे मुलांना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होते' असे अलीकडे सर्रास ऐकू येते. स्वमग्नता ही मेंदूच्या जन्मजात घडणीशी निगडित अवस्था आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मोबाइलने ती होते असे सिद्ध झालेले नाही. पण मूल बोलत नाही म्हणून "मोबाइल बंद करा, आपोआप बोलेल" असा सल्ला मिळतो, घर सहा महिने वाट पाहते, आणि आईला मात्र सगळ्यांचे बोल खावे लागतात. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळत नाही, बोटाने काही दाखवत नाही. दीड वर्षाचे झाले तरी एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांचे झाले तरी 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही. यांपैकी काही दिसले तर मोबाइल बंद करावाच, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही जावे. कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची तरतूद आहे; त्या पथकाला आपली शंका मोकळेपणी सांगावी. अशा वेळी वाट पाहण्यात जे महिने जातात, ते पुन्हा मिळत नाहीत.

आता प्रत्यक्ष घरात करायचे काय? पहिली गोष्ट, शेवट सुरुवातीलाच सांगावा. "पाच मिनिटेच हं" याला चार वर्षांखालच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नाही. त्याला घड्याळ कळत नाही. "ही एक गोष्ट संपली की आपण बंद करू आणि खाली मांजर बघायला जाऊ" हे कळते. मधूनच हिसकावून घेण्यापेक्षा गोष्ट संपताना शेजारी जाऊन बसावे, "मग काय झालं? पिल्लू सापडलं का?" असे विचारावे, आणि बंद करायचे बटण त्याच्याच बोटाने दाबू द्यावे. आपल्या हाताने दिवा मालवायला मुलांना केवढे आवडते! आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय मोबाइलमध्ये बंद करून ठेवता येते. ती आजच बंद करावी.

तरीही मूल रडेल. सवय मोडताना पहिले चार-आठ दिवस ते आधीपेक्षा जास्त रडेल, हे धरूनच चालावे. या दिवसांत सर्वांत वाईट काय, तर दहा वेळा 'नाही' म्हणून अकराव्या वेळी कंटाळून मोबाइल देणे. त्याने मूल एवढेच शिकते की अकरा वेळा रडावे लागते. त्यापेक्षा द्यायचाच असेल तर पहिल्या मागणीलाच द्यावा. नाही म्हटले, की मग रागवू नये, व्याख्यान देऊ नये. जवळ बसावे, उचलून घ्यावे, हाताला दुसरे काही द्यावे.

हे दुसरे काही म्हणजे काय? त्यासाठी दुकानात जावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पाने, काड्या, माती यांतूनच साधने उभी केली. तसले साहित्य प्रत्येक स्वयंपाकघरात पडलेले असते. आई पोळ्या करते आहे तोवर मुलाला कणकेचा एक गोळा आणि छोटे लाटणे द्यावे. खालच्या फडताळातले डबे आणि त्यांची झाकणे काढून द्यावी. कोणते झाकण कोणत्या डब्याचे, यात दोन वर्षांचे मूल वीस मिनिटे गुंतते. मेथी निवडायला बसवावे. निम्मी मेथी जमिनीवर जाईल, जाऊ द्यावी. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके अशा घशात किंवा नाकात जाणाऱ्या वस्तू मात्र तीन-चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नयेत, आणि मूल ओट्यापासून दोन हात लांब असावे. आवाज होईल, डबे आदळतील. शांत घर हवे असेल तर मोबाइल द्यावा. मूल हवे असेल तर आवाज सोसावा.

पण सगळ्या घरांत हे जमते असे नाही. एकटी आई आहे, अंगात ताप आहे, किंवा घरी बसून कचेरीचे काम आहे आणि अर्धा तास कुणीही मध्ये येऊन चालणार नाही. अशा वेळी दोन वर्षांवरच्या मुलाला अर्धा तास पडदा दाखवला म्हणून आईने मनाला लावून घेऊ नये. फक्त तो हातातल्या मोबाइलवर न दाखवता समोरच्या टीव्हीवर दाखवावा. तो डोळ्यांपासून दूर असतो, मुलाच्या बोटाने सरकत नाही आणि काय चालले आहे हे घरातल्यांना ऐकू येते. कार्यक्रम मराठीतला, संथ, एकाच गोष्टीचा असावा. दर दोन-तीन सेकंदांनी चित्र बदलणारे, किंचाळणारे कार्टून टाळावे. चार वर्षांच्या मुलांना असे भरधाव कार्टून नऊच मिनिटे दाखवले, तर लगेच नंतर मन आवरण्याच्या साध्या चाचण्यांत ती चित्रे काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली, असे २०११ साली एका अमेरिकन प्रयोगात आढळले. आणि रात्री जेवताना त्या गोष्टीविषयी मुलाशी दोन वाक्ये बोलावे. म्हणजे तो अर्धा तास अगदीच वाया जात नाही.

एकत्र कुटुंबात वेगळीच अडचण असते. आई 'नाही' म्हणते आणि आजोबा खिशातून मोबाइल काढतात. त्यांना नातवाचे हसू हवे असते. यात दोष काय द्यायचा? पण मुलासमोर सासरे-सुनेची हमरीतुमरी झाली तर जिंकतो मोबाइलच. मूल निजल्यावर सगळ्यांनी बसून ठरवावे, आणि मुलाच्या बापाने आपल्या आईवडिलांशी स्वतः बोलावे. हे काम सुनेवर ढकलू नये. आजोबांकडे द्यायला मोबाइलहून मोठे धन असते. त्यांच्या लहानपणच्या विहिरीची, बैलाची, पुराची गोष्ट दहाव्यांदा ऐकायलाही नातू तयार असतो, आणि मध्येच "मग बैल कुठं गेला?" असे विचारले तर आजोबा थांबून उत्तर देतात.

एका घराला जे अवघड वाटते ते कधी कधी सगळ्या गावाला सोपे जाते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या, मुले मोबाइलला चिकटली, ती शाळा उघडल्यावरही सुटेनात. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवले आणि देवळावर भोंगा बसवला. संध्याकाळी सात वाजता तो वाजायचा आणि घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद व्हायचे. मुले पुस्तके घेऊन बसायची, मोठी माणसे एकमेकांशी बोलायची. साडेआठला दुसरा भोंगा, की मग ज्याला हवे त्याने लावावे. यात विशेष हे की बंदी मुलांपुरती नव्हती. शेजारच्या घरातून मालिकेचे गाणे ऐकू येत नाही म्हटल्यावर आपल्या घरातले मूलही हट्ट करत नाही.

आपल्या इमारतीत किंवा वाडीत भोंगा नसला तरी घरापुरती सोय करता येते. दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगावी. संध्याकाळी सातला आईचा, बापाचा आणि आजोबांचा मोबाइल तीत जावा आणि मूल निजेपर्यंत तेथेच राहावा. पिशवीत टाकायचे काम मुलालाच द्यावे. ते कुणाचाही मोबाइल विसरू देत नाही. फोन वाजला तर ऐकू येतोच. उठावे, तेथेच उभे राहून बोलावे आणि परत पिशवीत ठेवावा.